वादळपाखराच्या कडा

छापखान्यात बाबांना सगळे ‘काटकोन’ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि बाबांना ते आवडायचंसुद्धा. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. छापून आलेले ताव गठ्ठ्यागठ्ठ्याने कटिंग मशीनवर घ्यायचे, चारी बाजूंनी थापटून सरळ करायचे आणि पातं खाली आणायचं. छापणाऱ्याची चूक झाकता येते, बांधणाऱ्याची तर डिंकाखाली सहज लपते. पण कापणाऱ्याची चूक झाकायला काही म्हणजे काही नसतं. गेला तो कागद गेला. म्हणून काटकोनमहाशय पातं खाली आणण्याआधी गठ्ठ्याकडे बघत जरा जास्तच वेळ उभे राहायचे आणि मालक वैतागायचा. पण त्यांच्या हातून गेलेला माल कधी परत आला नाही, हे चारचौघांत सांगायचाही मालकच.

आता असा माणूस संध्याकाळी घरी येऊन स्वस्थ बसेल, तर शपथ. घरातल्या कुठल्याही कागदाचा कोपरा मऊ पडलेला दिसला की यांच्या जिवाची तगमग सुरू. फोटो, विजेची बिलं, आईची विणकामाची पानं, लेकीची चित्रं, सगळं डब्याच्या पिशवीतून छापखान्यात जायचं, जेवणाच्या सुट्टीत दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बसून पात्याखाली जायचं आणि संध्याकाळी कोऱ्या करकरीत कडा घेऊन परत यायचं. आई म्हणायची, "अहो, एके दिवशी माझे कान न्याल कापायला, एकसारखे नाहीत म्हणून." बाबा गंभीर चेहऱ्याने तिच्या कानांकडे बघायचे आणि म्हणायचे, "डावा जरा बाहेर आहे खरा."

मग त्यांचे हात थरथरायला लागले. आधी थोडे, मग चांगलेच. मशीनवर हात थरथरणारा माणूस कोण ठेवून घेईल? मालकाने बिचाऱ्याने खुर्ची देऊ केली, नुसतं बसून देखरेख करा म्हणाला, पण बाबा दुसऱ्या दिवसापासून गेलेच नाहीत. घरी बसले. आणि घरात एक अळीमिळी गुपचिळी सुरू झाली. चहा सांडला की आई म्हणायची, "कपच मेला निसरडा." शर्टाची बटणं खालीवर लागली की कोणीतरी येताजाता गपचूप नीट करायचं. लेक तर बालवाडीत शिकवणारी. दिवसभर चिमुरड्यांच्या रेघोट्यांना "अगं बाई, किती छान!" म्हणायची तिच्या जिभेला सवयच, ती माहेरी आली की तेच चालू ठेवायची. बाबांनी वाकडीतिकडी सही केली, किती छान. बाबांनी अर्धा डबा बाहेर सांडत साखर भरली, किती छान. बाबा नुसते बघायचे.

अशात ते कार्ड निघालं.

लेक लहान असताना पोरांमध्ये चित्रांच्या कार्डांचं भलतंच वेड होतं. बंद पाकिटं मिळायची, आत पाच कार्डं, त्यावर नाना तऱ्हेचे काल्पनिक प्राणी. कुठलं निघेल ते पाकीट फोडेपर्यंत देवालाही ठाऊक नसे. पोरं ती अदलाबदल करायची, खेळायची, त्यावरून भांडायची, कट्टी घ्यायची. तिला एका पाकिटात वादळपाखरू निघालं होतं. निळ्याकाळ्या पंखांचं, हलवलं की चमकणारं. असं पाखरू सगळ्या शाळेत दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. ती उशीखाली घेऊन झोपायची, दप्तरात न्यायची, रडू आलं की हातात धरून बसायची. पुढे शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि कार्डांचा डबा घरी राहिला. सुट्टीत आली की पाखरू काढून बघायची, परत ठेवायची. नोकरी, लग्न, पोरबाळ यांत तेही सुटलं.

या वर्षी माहेरचं कपाट आवरताना डबा हाती लागला. सहज म्हणून तिने पाखराचा फोटो काढून बाजारातल्या एका कार्डांच्या दुकानात दाखवला. दुकानदाराला सगळे भिंगदादा म्हणतात, कारण त्याच्या गळ्यात बारा महिने भिंग लटकत असतं. फोटो बघून तो स्टुलावरून उठलाच. "ताई, हे कुठे होतं इतकी वर्षं? हे ग्रेडिंगला पाठवा!"

ग्रेडिंग म्हणजे काय, तर कार्ड तपासणाऱ्या संस्था असतात. तुम्ही कार्ड पाठवायचं, तिथले जाणकार ते अस्सल आहे की नकली ते बघतात, चित्र मधोमध आहे का, कोपरे कसे, कडा कशा, पृष्ठभाग कसा ते बघतात, दहापैकी गुण देतात आणि कायमचं पारदर्शक डबीत बंद करून, वर लेबल लावून परत पाठवतात. मोठ्या माणसांचे हे खेळ, म्हणून हसायचं असेल त्याने हसावं. पण रात्री माहेरी जेवताना तिने हे सांगितलं आणि बाबांचा घास हातातच राहिला.

"कडांना गुण देतात?"

"हो, बाबा."

"वेगळे? नुसत्या कडांचे?"

"काही काही ठिकाणी वेगळे देतात."

"म्हणजे असा माणूस आहे," बाबा आईकडे वळून म्हणाले, "ज्याला पगार फक्त कडा बघायचा मिळतो!" किती दिवसांनी त्यांचा आवाज असा चढलेला घरात ऐकू आला. मग ते लेकीकडे वळले आणि छाती पुढे काढून म्हणाले, "पाठव. कडांची काळजी तू करू नकोस. कडा बघून चाट पडतील."

तेव्हा तिला वाटलं, बाबा आपले असेच बोलतात.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी घर डोक्यावर घेतलं. जिन्यात भेटेल त्याला सांगायचं, आमचं पाखरू परीक्षेला बसतंय. फोनवर जुन्या छापखानेवाल्यांना सांगायचं. आई कौतुकाने बघत राहायची. माणूस उठून आरशासमोर दाढी करायला लागला होता, कापलं तरी करत होता. लेकीने पाखरासाठी नवीन जाड पाकीट आणलं, अगदी कार्डाच्या मापाचं. डब्यातली एक-दोन फालतू कार्डं घालून बघितली, ती गच्च बसली. पाखरू घातलं, ते आत इकडून तिकडे सरकलं.

 नकली निघालं की काय? ती तशीच दुकानात गेली.

भिंगदादाने त्याच मालिकेतलं दुसरं कार्ड शेजारी ठेवलं, दोन्ही टोकं जुळवली, भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक कड तपासली. मग म्हणाला, "अस्सल आहे, ताई. शंभर टक्के अस्सल. पण कापलंय."

"कापलंय म्हणजे?"

"चारी बाजूंनी केसभर कमी आहे. कोपरे झिजले की लबाड लोक असं करतात, नवं दिसावं म्हणून. पण असं कापलेलं मी जन्मात पाहिलं नाही. शेजारी दुसरं ठेवलं नसतं, तर मीही फसलो असतो." त्याने भिंग खाली केलं. "कोणाच्या हातात गेलं होतं हे?"

ती काय सांगणार? जगात असं कापणारा एकच माणूस होता आणि तो आत्ता घरी बसून परीक्षेच्या निकालाची स्वप्नं बघत होता.

घरी येऊन तिने डबा उपडा केला आणि एकेक कार्ड मापून बघितलं. फालतू कार्डं जशीच्या तशी होती. आणि जी जी तिची लाडकी होती, हाताळून हाताळून मऊ पडलेली, ती सगळी केसभर कमी. ती शिकायला गेल्यावर बाबांनी डबा उघडला असणार, पोरीच्या आवडीच्या कार्डांची ही दशा बघून त्यांना राहवलं नसणार, आणि गेली असणार कार्डं डब्याच्या पिशवीतून. खरं सांगायचं तर आधी तिला रागच आला. चांगला सणसणीत. कोणी सांगितलं होतं? विचारायचं तरी! मग राग उतरला आणि तिला भलतंच भरून आलं, कारण नावडत्या कार्डांना त्यांनी हात लावला नव्हता. पोरीची आवड काय, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

आता खरी पंचाईत झाली. ग्रेडिंगवाल्यांच्या लेखी कार्ड कापणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. चहा सांडलेलं चालतं, दुमडलेलं चालतं, गुण कमी पडतात एवढंच. कापलेल्याला गुणच नाहीत. आणि हे बाबांना कळलं, तर? पोटापुरती अक्कल आणि हे दोन हात एवढीच माझी मिळकत, असं ते नेहमी म्हणायचे. हात तर आता गेले होते. त्या हातांनी आजवर काय काय केलं, त्याच्या आठवणीवर माणूस जगत होता. त्याच हातांनी पोरीच्या जिवाच्या पाखराची माती केली, हे त्यांना सांगायचं कोणी?

तिने भिंगदादाला विचारलं. तो म्हणाला, "संस्था तीन आहेत. पहिली जुनी, कडक. आधी माप घेतात, मग कार्डाकडे बघतात. कापलेलं असेल तर डबीत घालतात, पण लेबलावर लिहितात, ‘अस्सल, कापलेले’. गुणांची जागा रिकामी. दुसरी मधली. तीही मापते, पण एकच आकडा देते, कडांचे वेगळे गुण नाहीत. तिसरी नवी आहे. ती माप घेत नाही. चारही गोष्टींना वेगवेगळे गुण देते, भरभरून देते, आठवड्यात परत पाठवते. तिच्याकडून कोणी नाराज होऊन आलेलं मी बघितलं नाही."

"मग नवीच बरी."

"कार्ड विकणार असाल, तर घेणाऱ्याची फसवणूक होईल, ताई. ते मी करू देणार नाही."

"विकायचं नाही हो. बाबांच्या पलंगासमोर भिंतीवर लावायचंय."

भिंगदादाने डोकं खाजवलं. मग त्याने तिन्ही संस्थांच्या डब्यांत बंद असलेली तीन साधी कार्डं काढून दिली. "घरी दाखवा, मग ठरवा."

ठरलंच होतं. तिने घरी जाऊन फक्त नव्या संस्थेची डबी बाबांपुढे ठेवली. चकाचक डबी, सोनेरी लेबल, त्यावर कडांचे वेगळे गुण. कोणाचं वाईट होणार होतं? कोणाचंच नाही. बाबांना दहापैकी साडेनऊ मिळाले असते, ते रोज सकाळी उठून ते बघत राहिले असते, आणि पाखरू काही तोंड उघडून सांगायला येणार नव्हतं.

"तीन आहेत म्हणालीस ना? बाकीच्या दोन कुठे?" बाबांनी विचारलं.

द्याव्या लागल्या. बाबांनी तिन्ही डब्या टेबलावर ओळीने मांडल्या. हात थरथरत होते म्हणून मनगटं टेबलाला टेकवली, मान अगदी खाली नेली, आणि कार्डांकडे ढुंकूनही न बघता लेबलांकडे बघायला लागले. गठ्ठ्यासमोर उभे राहायचे, तसेच. आईने दोनदा जेवायला हाक मारली. शेवटी त्यांनी सोनेरी लेबलवाली डबी बोटाने बाजूला ढकलली.

"ही नको."

"का, बाबा? कडांचे वेगळे गुण देतात ते."

"स्वतःचं लेबल तिरकं कापलंय त्यांनी. बघ, वरची कड डबीला समांतर नाही. ज्यांना एवढं दिसत नाही, ते माझ्या कडांना काय गुण देणार, कपाळ?" मधली त्यांनी उचलून ठेवून दिली. मग कडक संस्थेच्या डबीवर बोट ठेवून म्हणाले, "इथे पाठव. यांना कड कळते."

लेकीने कपाळाला हात लावायचाच बाकी ठेवला. "ते फार कडक आहेत, बाबा. वेळही खूप लावतात."

"लावू देत. कडकच हवेत."

झालं. घोडं अडलं ते तिथे. बाबा रोज विचारायचे, पाठवलंस का. ती म्हणायची, आज उशीर झाला, आज सुट्टी होती, आज पाऊचच मिळालं नाही. आईला तिने सगळं सांगितलं तेव्हा आई भाजी निवडता निवडता थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, "पार्सल वाटेत हरवलं म्हणून सांग. आणि ते पाखरू माझ्या ट्रंकेत टाक." ऐकायला सोपं होतं. लेकीने तेच करायचं ठरवलं. मनातल्या मनात दोनदा म्हणूनही बघितलं, पार्सल हरवलं हो, बाबा. आवाज अगदी बालवाडीतल्या बाईंचा यायचा.

दुसऱ्या दिवशी शाळेतून ती थेट माहेरी आली, तर बाबा दारातच खुर्ची टाकून, बूट घालून बसलेले. मांडीवर एक पार्सल.

"तुला वेळ होत नाही, म्हणून मीच बांधलं. दुपारभर तेच केलं," ते म्हणाले. "मीच टाकून येतो. एकदा बघ फक्त, नीट झालंय ना?"

तिने पार्सल हातात घेतलं. दोन पुठ्ठे एकमेकांवर नीट बसलेले नव्हते. चिकटपट्टीला सुरकुत्या पडल्या होत्या, एका बाजूला चार थर, दुसरी बाजू उघडी. पत्ता चढणीला लागलेला. आत पाखराचा कोपरा दिसत होता. बाबांनी आयुष्यात असं पार्सल बघितलं असतं, तर बांधणाऱ्याला छापखान्यातून हाकललं असतं. तिच्या तोंडात शब्द आलेच होते. किती छान, बाबा. स्वयंपाकघराच्या दारातून आई डोळ्यांनी तिला तेच म्हण म्हणून सांगत होती.

बाबा नुसते बघत होते. गेलं वर्षभर बघत होते तसे.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "वाकडं झालंय."

आईने तोंडाला पदर लावला. बाबांनी मान हलवली. "मलाही तसंच वाटत होतं," ते म्हणाले.

मग तिला थांबवेना. ती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली आणि सगळं सांगून टाकलं. कापलेल्याला गुण नसतात, बाबा. तुम्ही निवडलेत ते लोक मापून बघतात. ते ‘कापलेले’ असं लिहून परत पाठवतील. पाखरूच नाही, माझी सगळी आवडती कार्डं तुम्ही कापलीत. कोपरे मऊ असते, मळके असते, तरी चार गुण मिळाले असते. आता काहीच नाही.

 थरथरणारे दोन्ही हात बाबांनी मांडीवर एकमेकांवर दाबून धरले. मग विचारलं, "मग तू सुट्टीत यायचीस, काढून बघायचीस, तेव्हा का बोलली नाहीस?"

"कळलंच नाही, बाबा. हातात घेऊन बसायचे तरी कळलं नाही. इतकं सरळ कापलं होतंत."

त्यांच्या तोंडावर क्षणभर काहीतरी उजळलं आणि लगेच विझलं. "पण वाटोळं केलं मी तुझ्या पाखराचं."

नाही हो, बाबा, असं कुठलीही लेक म्हणाली असती. तिला म्हणायचंही होतं. डोळे भरून आले होते, समोर थकलेला बाप होता, दारात आई रडत होती.

"हो, बाबा," ती म्हणाली. "केलंत."

बाबांनी एक मोठा श्वास सोडला. खांदे उतरले, पाठ खुर्चीला टेकली. आजारी पडल्यापासून त्यांना असं टेकून बसलेलं तिने पाहिलं नव्हतं.

"बरं झालं बोललीस," ते म्हणाले. "वर्ष झालं, या घरात माझं काही चुकतच नाही. मी आपला समजून चाललो होतो, की आता मी माणसांत जमा नाही."

आई पुढे येऊन त्यांच्याजवळ बसली.  थोड्या वेळाने त्यांनी पार्सल लेकीकडे सरकवलं.

"हे उघड आणि नीट बांध. तिथेच पाठवायचं, त्यांना लिहू दे काय लिहायचं ते." आणि ती चिकटपट्टी सोडवायला लागली तेव्हा वरून म्हणाले, "हळू. फाडू नकोस. तुलाही काही येत नाही."